पुढच्या मेस्त्रीस नमस्कार

मोटर रिवायंडिंगच्या धंद्यात सगळा खेळ एका आकड्याचा असतो. जळालेल्या मोटरीतली तांब्याची तार काढून नवी भरायची, तर एका क्वाइलला वेढे किती आणि तार कुठल्या गेजची, म्हणजे किती जाड, एवढाच तो आकडा. ऐकायला काहीच नाही. पण तो चुकला की मोटर एक तर नुसती गुरगुरत बसते, नाही तर दहा मिनिटांत पुन्हा जळते आणि शेतकरी मेस्त्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. म्हणून आपल्याकडचे मेस्त्री एक वेळ बायकोचे दागिने चारचौघांत मांडतील, पण आकड्यांची वही दाखवायचे नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

प्रभुलिंगची मूठ मात्र जन्मात कधी झाकलेली नव्हती. शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्याला त्याचं दुकान. मोटर भरून झाली, की वायरी जोडायच्या डब्याचं झाकण लावण्याआधी तो लेदरॉइडचा एक तुकडा घ्यायचा. लेदरॉइड म्हणजे क्वाइलखाली घालतात तो जाड तपकिरी कागद. त्यावर सुवाच्य अक्षरात लिहायचा: वेढे इतके, गेज अमुक, मोटर कशानं जळाली, पुन्हा जळू नये म्हणून काय करावं. आणि सगळ्यात खाली एक ओळ: 'पुढच्या मेस्त्रीस नमस्कार.' चिठ्ठीची घडी डब्यात ठेवायची आणि वर झाकण आवळायचं.

त्याची बायको रक्षिता शेजारच्या बाकावर क्वाइल गुंडाळत बसलेली असायची. माहेर कुरुंदवाडकडचं, जीभ तिखट आणि हात सोन्याचा. तिनं गुंडाळलेली क्वाइल खाचेत अशी बसायची की प्रभुलिंगला लाकडी पट्टीनं ठोकावीसुद्धा लागायची नाही. बाई कामाला वाघीण होती आणि म्हणूनच तिला त्या चिठ्ठ्या बघवत नव्हत्या.

"अवं, ह्यो पुढचा मेस्त्री म्हंजे कोन? आपला जावई लागतोय व्हय?"

"मोटर परत जळली तर शेतकरी जवळच्या मेस्त्रीकडं न्हेनार. त्या बिचाऱ्याचा वेढे मोजायचा दीस वाचंल."

"आनि आपलं गिऱ्हाईक?"

"त्येच्या उसाला पानी लवकर लागंल की. कुनी भरली म्हनून उसाला काय फरक पडतोय?"

या माणसाशी भांडायचं म्हणजे भिंतीला धडक द्यायची. बरं, चिठ्ठीवर भागत होतं असंही नाही. बिद्रीपासून कुरुंदवाडपर्यंतचे मेस्त्री फोन करायचे, "प्रभू, एक साडेसात हॉर्सपॉवरची आलीया, जुन्या मेकची, वेढे किती रं?" की हा लगेच हिरव्या कव्हरची वही उघडणार आणि आकडे वाचून दाखवणार. चौदा वर्षांत भरलेल्या प्रत्येक मोटरीचा आकडा त्या वहीत होता. धंद्याची सगळी पुंजी ती, आणि हा गडी रस्त्यावर पाणपोई घालावी तशी वाटत सुटला होता.

एकदा उद्यमनगरातले गणपतराव मेस्त्री स्वतः दुकानात आले. पासष्टी उलटलेला माणूस, कारखान्यांच्या मोठाल्या मोटरी बहुतेक त्यांच्याकडेच जायच्या. त्यांनी चिमटीत प्रभुलिंगची चिठ्ठी धरली होती, मेलेला उंदीर धरावा तशी.

"प्रभ्या, धंदा करायलाईस का देवळात अन्नदान? तीस वर्सं घातली मी एकेक आकडा गोळा कराय. आनि तू वाटायलाईस फुकट. पोटाला चिमटा बसंल तवा ह्याच चिठ्ठ्या चाटत बस."

दुकानात चार गिऱ्हाइकं होती, ती हसली. प्रभुलिंगही हसला. रक्षितानं म्हाताऱ्याला चहा दिला, पण त्यात साखर मुद्दाम कमी घातली. तिला राग गणपतरावांचा आला होता हे खरं. पण त्याहून जास्त राग या गोष्टीचा, की त्यांचा शब्द न् शब्द तिला पटला होता.

त्या दिवसापासून वही तिनं आपल्या ताब्यात घेतली. चिठ्ठ्या बंद करणं तिच्या हातात नव्हतं, पण वहीला कुलूप लागलं. वहीच्या पानांचे फोनमध्ये फोटो काढून ठेवू या, असं प्रभुलिंग एकदा म्हणाला, तर तिनं त्याला उभा जाळला. "फोटो काढला की गावभर झाला. गप बसा."

मग महापूर आला. घाटाकडचं पाणी तासातासानं रस्ता चढू लागलं तशी पेठ रिकामी होऊ लागली. नवरा-बायकोनं गिऱ्हाइकांच्या मोटरी माळ्यावर चढवल्या. वही घरी गडमुडशिंगीला न्यायची, तर मोटरसायकलवर पावसात ती भिजणार. रक्षितानं दुकानभर नजर फिरवली. वार्निश लावलेल्या मोटरी भाजायची लोखंडी भट्टी उंच कट्ट्यावर होती, तिचं दार चांगलं बोटभर जाडीचं. दुकानात तिच्याइतकं मजबूत दुसरं काही नव्हतं. तिनं वही प्लास्टिकच्या पिशवीत घातली, भट्टीत ठेवली, दार ओढलं आणि वर कुलूप घातलं.

नऊ दिवसांनी पाणी उतरलं. भट्टीचं दार चिखलानं असं धरलं होतं की पहारीनं उघडावं लागलं. आत गाळ होता आणि गाळात हिरवं कव्हर. पिशवीला कुठंतरी भोक पडलेलं असणार. पानांचा दुधात कुस्करलेल्या भाकरीसारखा काला झाला होता. रक्षिता तिथंच चिखलात बसली. प्रभुलिंगनं तो गोळा हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि म्हणाला, "जाऊ दे. मानसं सुखरूप हायती." त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. ती पोटभर रडली, मग उठून खराटा घेतला आणि गाळ काढायला लागली.

गणपती बसायच्या आदल्या दिवशी दुकानापुढे एक जीप थांबली. मागोमाग दोन टेंपो. जीपमधून अमरसिंह उतरले. कुरुंदवाडच्या अलीकडे नदीकाठी एक पाणीपुरवठा संस्था आहे, तिचे हे चेअरमन. सहा गावांच्या उसाला या संस्थेच्या छत्तीस मोटरी पाणी देतात, आणि छत्तीसच्या छत्तीस पुरात बुडाल्या होत्या.

"मेस्त्री, सरळच सांगतो," अमरसिंह खुर्चीवर बसत म्हणाले. "एकानं काम घेतलं. सगळ्या मोटरी खोलल्या, तार बाहेर काढली, तांबं इकलं आनि गडी पसार. आता बॉड्या मोकळ्या हायती. चौघा मेस्त्रींकडं गेलतो. म्हनत्यात, आत तारच न्हाय तर वेढे मोजायचे कशाचे?"

प्रभुलिंग टेंपोत चढून एकेक मोटर बघून आला. आतली खाच न् खाच रिकामी. यातल्या निम्म्या त्यानंच कधी ना कधी भरल्या होत्या. डब्यातल्या चिठ्ठ्यांचा मात्र गाळ झाला होता.

"दसऱ्याला पानी सुटलं पायजे," अमरसिंह म्हणाले. "सुटलं तर संस्थेचं सगळं काम हिथनं पुढं तुमच्याकडं. न्हाय सुटलं तर ह्या भंगारात घालनार आनि कंपनीच्या नव्या घेनार. मग दुरुस्तीला बी कंपनीचाच मानूस. बाकीच्या संस्थांचं बी तसंच ठरायलंय. सगळी आमच्याकडं बघून हायती."

म्हणजे नदीकाठचं सगळं काम जाणार. पुरानं दुकान एकदा धुऊन नेलं होतंच, हे आणखी एकदा. रक्षिताला ते बसल्या जागी कळलं. तिनं नवऱ्याकडे बघून मान अगदी बारीक, पण ठाम हलवली: नाही म्हणा.

"दसऱ्याला सोडतो पानी," प्रभुलिंग म्हणाला.

जीप गेली आणि रक्षितानं तोंड सोडलं. "डोस्कं ठिकानावर हाय का तुमचं? छत्तीस मोटरी, पाच आठवडं, आत एक तार न्हाय. अंदाजानं भरनार व्हय? आनि वही कुठं हाय? वही!"

"वही व्हय?" प्रभुलिंगनं हात पुसले. "जिल्हाभर हाय की."

"जिल्हाभर?"

"चौदा वर्सं वाटली न्हवं का? कुनाकडं दोन आकडं असतील, कुनाकडं धा. माग की फोन करून. वही तुझ्या हातनं गेली, तुझ्याच हातनं गोळा हुंदे."

हे तो टोचून बोलला नव्हता, ते तिला माहीत होतं. पण टोचलं. तिनं पदर खोचला आणि आधी मोटरी मेकवार, म्हणजे कंपनीवार, आणि हॉर्सपॉवरवार लावल्या. छत्तीस असल्या तरी जाती नऊच निघाल्या. नऊ आकडे पाहिजे होते. ज्या लोकांना आकडे दिले म्हणून तिनं नवऱ्याला चौदा वर्षं फाडून खाल्लं, त्यांच्याचकडे आता मागायचं होतं. पहिला फोन तिनं बिद्रीच्या पिराजीला लावला.

"पिराजीभावजी, जरा एक काम हुतं."

"वैनी! आवं, पुरात काय झालं न्हाय न्हवं तुमचं?"

तिनं सगळं सांगितलं. वही भट्टीत ठेवली तेही सांगितलं. मग पिराजी केवढ्यानं तरी ओरडला, "आनि मला आज सांगायलाय व्हय? थांबा, आलोच!"

आणि आला की. बिद्रीहून मोटरसायकलवर, पोटाशी शर्टाच्या आत वही बांधून. त्याच्या वहीत पान पान आकडे होते, आणि कितीतरी आकड्यांपुढे कंसात लिहिलं होतं: 'प्रभू'. रक्षिता त्या दोन अक्षरांवर बोट ठेवत ठेवत पानं उलटत गेली. नऊपैकी तीन जाती तिथेच मिटल्या. पिराजी जाताना म्हणाला, "पाच मोटरी माझ्याकडं द्या. तुमी दोघं किती भरशीला?"

दुसऱ्या दिवशी हुपरीच्या वाटेवरची स्नेहल आली. तिचा बाप गुंडू मेस्त्री अचानक गेला तेव्हा ती अठरा वर्षांची होती, आता तिशीची. तिच्या हातात शाळेची शंभरपानी वही होती. तिच्या दुकानात आलेल्या मोटरींमधून निघालेल्या प्रभुलिंगच्या चिठ्ठ्या तिनं त्या वहीत डिंकानं चिकटवल्या होत्या, तारीखवार.

"काकू, बाबा गेलं तवा मला नुसती तार गुंडाळाय येत हुती. शिकवायला कोन हुतं? मोटर उघडायची आनि चिठ्ठी वाचायची. मोटर कशानं जळती, ते मला ह्या चिठ्ठ्यांनीच सांगितलं. खाली नमस्कार असायचा ना, तवा वाटायचं मला बी कोनतरी मेस्त्री म्हनतंय."

रक्षितानं पोरीला आत नेलं, पोटभर जेवायला वाढलं आणि वाढता वाढता डोळे पुसले. जिला आपण आपलं गिऱ्हाईक पळवणारी समजत होतो ती ही, एवढाच विचार तिच्या मनात घोळत राहिला.

आठ दिवसांत नऊपैकी आठ जातींचे आकडे जमले. आकड्यांबरोबर माणसंही जमली. आठ मेस्त्र्यांनी मोटरी वाटून घेतल्या. रक्षितानं त्यातही एक डोकं चालवलं. प्रत्येकानं आपापल्या क्वाइल गुंडाळत बसण्यापेक्षा सगळ्या क्वाइल तीच गुंडाळणार, मेस्त्र्यांनी फक्त भरायच्या. आकडे सगळ्यांना माहीत, मग लपवायचं काय राहिलं? तिनं शेजारणी हाताशी घेतल्या, क्वाइलचे जुडगे बांधून एसटीनं बिद्रीला, हुपरीला धाडले. प्रत्येकाचं काम निम्म्यानं हलकं झालं आणि मोटरी दुप्पट वेगानं भरून यायला लागल्या. प्रभुलिंग रोज संध्याकाळी भरलेल्या मोटरी मोजायचा आणि तिच्याकडे बघून नुसता मिशीत हसायचा.

राहिली नववी जात. ती एकच मोटर होती, पण सगळ्यांची आई. पन्नास हॉर्सपॉवरची, जुनी, तो मेक आता मिळतही नाही. नदीचं पाणी पहिल्यांदा उचलायचं काम तिचं. ती चालली नाही तर बाकीच्या पस्तीस नुसत्या शोभेला. प्रभुलिंगनं ती फार वर्षांपूर्वी एकदा भरली होती. त्याला चौदा वेढे आठवत होते, पण अठ्ठावीसही आठवत होते, आणि एवढ्या मोठ्या मोटरीशी जुगार खेळायचा नसतो. सगळ्यांच्या वह्या धुंडाळल्या. कुणाकडेच नव्हता तो आकडा. दसऱ्याला बारा दिवस उरले.

"असला तर एकाच मानसाकडं असंल," पिराजी म्हणाला. नाव कुणीच घेतलं नाही. गणपतरावांनी आयुष्यात कुणाला आकडा दिलेला नव्हता, स्वतःच्या पुतण्यालाही नाही.

"मी जातो," प्रभुलिंग म्हणाला.

"न्हाय. वही मी घालवली. मी जातो," रक्षिता म्हणाली आणि चपला घातल्या.

उद्यमनगरातलं गणपतरावांचं दुकान म्हणजे किल्लाच. वेढे मोजायची जागा वेगळी, तिला पडदा. म्हातारा एकटाच स्टुलावर बसला होता. रक्षिताला बघून त्यांनी भुवई उचलली. "काय गं, साखर संपली व्हय? मागच्या बारीला चहात न्हवती, म्हनून इचारतो."

म्हणजे म्हाताऱ्यानं ते लक्षात ठेवलं होतं! रक्षिता खाली मान घालून, पण खणखणीत आवाजात म्हणाली, "मेस्त्री, त्यादिशी तुमी बोलला ते मला पटलंतं. म्हनून मी वहीला कुलूप घातलं. कुलपातली वही पुरात गेली. ज्या चिठ्ठ्या ह्यांनी वाटल्या, तेवढ्या माघारी आल्या. आता एकच आकडा ऱ्हायलाय. पन्नासची, जुन्या मेकची. तुमच्याकडं मागायला आलोय. न्हाय म्हनला तरी राग न्हाय. तुमची तीस वर्सं हायती त्येच्यात."

गणपतरावांनी कमरेच्या करदोट्याला बांधलेली किल्ली सोडली, लोखंडी पेटी उघडली. पेटीत त्यांची जाडजूड वही होती. तिला त्यांनी हात लावला नाही. तिच्या खालून, पेटीच्या तळाशी ठेवलेला एक तपकिरी तुकडा त्यांनी काढला आणि तिच्या हातात दिला.

लेदरॉइड होतं. अक्षर प्रभुलिंगचं. 'वेढे चौदा, दुहेरी तार. गेज सतरा. फूटव्हॉल्व्ह गळतो, म्हणून कोरडी चालून जळाली. व्हॉल्व्ह बदलावा. पुढच्या मेस्त्रीस नमस्कार.'

"ही तुमच्याकडं कशी?"

"एका कारखान्याची मोटर आलती. ह्याच मेकची, पन्नासचीच. आधी प्रभ्यानं भरलेली." म्हातारा तिच्याकडे न बघता बोलत होता. "चिठ्ठी बघून मी हसलो आनि टाकली केरात. सोता मोजलं. अठ्ठावीस भरलं. भरली, जोडली, नुसती गुरगुरती. पानी चढंना. परत खोलली, परत अठ्ठावीस. मी म्हटलं बेरिंग धरतंय. बेरिंग बदललं. परत तेच. कारखान्याचा सायब हिथं उभा ऱ्हाऊन माझ्या तोंडाकडं बघायला लागला. तीस वर्सांत पयल्यांदा."

"दुहेरी तार..." रक्षिता म्हणाली.

"व्हय की. दोन तारा जोडीनं गुंडाळल्यात, आनि मी एकेक तार मोजत बसलो. चौदाचं अठ्ठावीस केलं. नवशिका बी करनार न्हाय असली चूक. मग केर उपसून ही चिठ्ठी काढली. तिच्याबरहुकूम भरली आनि मोटर पळाली. सायबानं माझा सत्कार केला. शाल दिली." त्यांनी पेटी बंद केली. "त्या दिसापास्नं तुमच्या दारावरनं गेलो न्हाय मी."

रक्षिताला वाटायचं म्हातारा गर्वानं येत नाही. तिनं चिठ्ठी जपून पर्समध्ये ठेवली आणि वाकून त्यांच्या पाया पडली.

"उठ गं. नुसता आकडा न्हेऊन काय करशील?" गणपतराव स्टुलावरून उतरले आणि पट्टी, कात्री, हातोडी पिशवीत भरायला लागले. "पन्नासची भरायची तर दोघं लागत्यात. चल. आनि चहा करशील तर साखर घाल."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीच्या सकाळी नदीकाठच्या पंपघरापुढे सहा गावं लोटली होती. पन्नासच्या मोटरीला झेंडूचा हार घातला होता, हळदीकुंकू वाहिलं होतं. शेजारच्या संस्थांचे तीन चेअरमन मुद्दाम बघायला आले होते. प्रभुलिंगनं एकवार रक्षिताकडे बघितलं आणि स्टार्टरचं बटण दाबलं.

मोटरीनं एक हुंकार दिला, मग आवाज बारीक होत होत सुतासारखा सरळ झाला. लोकं श्वास धरून पाइपाच्या तोंडाकडे बघत होती. आधी हवा आली, मग गढूळ चूळ, आणि मग मांडीएवढी धार अशी सुटली की पुढं उभी असलेली मंडळी नखशिखांत भिजली. अमरसिंहांनी डोक्यावरचा फेटा काढून हवेत उडवला. गणपतराव मीटरवर नजर लावून बसले होते. करंट बरोबर होता. दहा मिनिटं झाली, तरी बरोबर होता.

"ठरल्यापरमानं सगळं काम तुमचं, मेस्त्री," अमरसिंह प्रभुलिंगला मिठी मारून ओरडले. "कायमचं!"

"घेतो की," प्रभुलिंग म्हणाला. "पर ज्या गावची मोटर, ती जवळच्या मेस्त्रीकडं जानार. शेतकऱ्याची खोटी झाली न्हाय पायजे. त्या कामाला जबाबदार मी."

ते ऐकून बाकीच्या तीन चेअरमननी आपसात नजरानजर केली. बारा कोसांवरच्या कंपनीच्या माणसाची वाट बघायची, की गावातल्याच मेस्त्रीकडून त्याच दिवशी मोटर घ्यायची, हे कळायला त्यांना कुणाच्या सल्ल्याची गरज नव्हती. दिवाळीपर्यंत तिन्ही संस्था प्रभुलिंगकडे आल्या. आणि रक्षिता? दसऱ्यानंतरही मेस्त्र्यांचे फोन थांबले नाहीत, "वैनी, त्या दहाच्या क्वाइल धाडा की." आकडे उघडे झाल्यावर सगळ्यांना हव्या होत्या तिच्या हातच्या क्वाइल. आज गडमुडशिंगीत, पुराचं पाणी पोचणार नाही अशा उंच जागेवर तिचं स्वतःचं शेड आहे. अकरा बायका तिथं काम करतात आणि क्वाइल पार निपाणीच्या पलीकडे जातात. तिथं आकड्यांचा तक्ता भिंतीवर लावलेला आहे, कुणीही यावं आणि लिहून घ्यावा.

पण त्या सकाळची एक गोष्ट सांगायची राहिली. मोटर दहा मिनिटं चालवून बंद केली, कारण वायरींच्या डब्याला झाकण लावायचं होतं. प्रभुलिंगनं सवयीनं लेदरॉइडचा तुकडा काढला, खिशातलं पेन काढलं. मग थांबला आणि दोन्ही गणपतरावांपुढे धरलं.

"मला काय येतंय ते?" म्हातारा मागे सरला. "मी जन्मात कधी लिवलेलं न्हाय."

"मोटर तुमी भरलीया," प्रभुलिंग म्हणाला. "ज्यानं भरली त्यानं लिवायचं."

गणपतराव मोटरीवर कागद ठेवून लिहायला बसले. 'वेढे चौदा.' मग जरा थांबून पुढच्या दोन शब्दांखाली त्यांनी दोनदा रेघ मारली: 'दुहेरी तार. मोजताना मी चुकलो होतो. तुम्ही चुकू नका.' नंतर बराच वेळ ते पेन धरून बसले. शेवटी खाली लिहिलं, 'पुढच्या मेस्त्रीस नमस्कार. गणपतराव, उद्यमनगर.'

प्रभुलिंग घडी घालणार तेवढ्यात रक्षिता म्हणाली, "थांबा." तिनं फोन काढला आणि चिठ्ठीचा फोटो घेतला. प्रभुलिंगनं तोंडाचा आ केला. या पाच आठवड्यांत मेस्त्र्यांचा एक ग्रुप तयार झाला होता, आता त्यात साठ जण होते. तिनं फोटो ग्रुपवर टाकला आणि मगच झाकण लावू दिलं. मोटर पुन्हा सुरू झाली.

फोन लगोलग वाजायला लागला. पहिला पिराजी. मग स्नेहल. मग ज्यांना रक्षिता ओळखतही नव्हती असे, गावोगावचे. प्रत्येकानं एकच ओळ लिहिली होती. फोनवरची बारीक अक्षरं गणपतरावांना वाचता येईनात, म्हणून तिनं फोन त्यांच्या डोळ्यांजवळ धरला आणि वाचून दाखवलं, "गनपतराव मेस्त्रींस नमस्कार."

म्हाताऱ्यानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि धारेकडे बघत म्हणाला, "कोन कोन हाय त्येच्यात? नावं वाच की सगळी."

रक्षिता त्यांच्या शेजारी कट्ट्यावर बसली आणि पहिल्यापासून वाचायला लागली.